खाल्लं नाही, तरी साखर वाढते

(पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या आरोग्य-गटाची बैठक झाली. तिथे एका डॉक्टर मैत्रिणीनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. मधूनमधून बायकांनी विचारलेले प्रश्नही त्यातच घेतले आहेत. – संपादक मंडळ)



मला निरोप आला तो असा, की ‘ताई, या वेळी शुगरवर बोला.’ शुगरवर तुम्ही पुष्कळ ऐकलेलं आहे. गोड खाऊ नका, रोज चाला, गोळ्या चुकवू नका. त्यातलं मी आज काही बोलणार नाही. आज आपण फक्त एका आठवड्याबद्दल बोलू या. ज्या बाईला मधुमेह आहे तिला फ्लूचा ताप आला, तर ते पाच-सात दिवस तिनं कसे काढायचे? विषय एवढासा वाटतो. पण साखर भलतीच चढलेली, शुद्ध हरपत आलेली बाई दवाखान्यात आणली जाते, तेव्हा सोबत आलेल्यांचं पहिलं वाक्य पुष्कळदा हेच असतं: ‘काही नाही हो, साधा ताप होता.’

आपल्या भाषेत ताप ‘अंगावर काढणं’ असा एक शब्दप्रयोग आहे. तो बायकांच्याच बाबतीत जास्त ऐकू येतो. घरातल्या पुरुषाला ताप आला की तो झोपतो, त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या येतो. बाईला ताप आला की ती तापाची गोळी घेऊन पोळ्या लाटते. एरवी धडधाकट बाई असं करून निभावून नेते, फार तर चार दिवसांऐवजी दहा दिवस अशक्तपणा राहतो. मधुमेह असलेल्या बाईला मात्र हे परवडत नाही. का परवडत नाही, ते एका मावशींच्या गोष्टीवरून सांगते. नाव-गाव सांगणार नाही.

मावशी बावन्न वर्षांच्या. पाच घरी स्वयंपाकाची कामं. आठ वर्षं मधुमेह, गोळ्या चालू. ऐन गणपतीत त्यांना कणकण आली, अंग मोडून आलं, कोरडा खोकला लागला. गणपतीत स्वयंपाकाच्या बाईला सुट्टी कोण देणार? दोन दिवस त्या तशाच कामावर गेल्या. तिसऱ्या दिवशी अन्नावरची वासनाच उडाली. त्यांनी विचार केला, पोटात काही नाही, मग शुगरची गोळी घेतली तर चक्कर येईल. गोळ्या बंद केल्या. शेजारणीनंही तोच सल्ला दिला. मुलानं प्रेमानं थंड पेयाची मोठी बाटली आणून दिली, आईच्या अंगात ताकद यावी म्हणून. गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन झालं, एक सलाईन झालं. एक दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी मावशी असंबद्ध बोलायला लागल्या. मशीनवर साखर बघितली तर आकडा नाही, नुसतं ‘हाय’. साखर पाचशे-सहाशेच्या पलीकडे गेली की बहुतेक मशीन आकडा दाखवत नाहीत, ‘हाय’ अशी इंग्रजी अक्षरं येतात.

मावशी वाचल्या. नऊ दिवस रुग्णालयात होत्या. परत आल्या तेव्हा पाचांपैकी तीन घरांनी दुसरी बाई ठेवली होती.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सगळ्यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे चांगलंच केलं. पण समजूत चुकीची होती, आणि ती आपल्या सगळ्यांच्या घरात आहे: ‘खाल्लंच नाही, तर साखर वाढेल कुठून?’

साखर फक्त ताटातून येत नाही. आपल्या यकृतात साखरेचा साठा असतो, शिवाय यकृत नवी साखर तयारही करतं. ताप आला, जंतूंशी झुंज सुरू झाली, की शरीर अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल असे स्राव जास्त सोडतं. त्यांचं काम म्हणजे संकटाच्या वेळी रक्तात साखर ओतणं. हेच स्राव इन्सुलिनचं काम अवघड करून ठेवतात. जिला मधुमेह नाही तिचं शरीर लगेच जादा इन्सुलिन सोडून हिशेब जुळवतं. आपल्याला ते जमत नाही. म्हणून उपाशी पोटी, नुसत्या पाण्यावर असतानाही तापात साखर चढते. चढलेली साखर लघवीवाटे बाहेर पडताना सोबत पाणी घेऊन जाते. आधीच तापानं पाणी कमी झालेलं, त्यात हे. अंग सुकतं, रक्त दाट होतं, साखर आणखी वर जाते. मावशींचं झालं ते असं. घरचे म्हणत होते, ‘लघवीला तर सारखी जात होती, मग पाणी कमी कसं पडलं?’ सारखी जात होती म्हणूनच कमी पडलं.

आता फ्लू ओळखायचा कसा? आपण प्रत्येक शिंकेला फ्लू म्हणतो, ते बरोबर नाही. साधं पडसं हळूहळू येतं. आज नाक चोंदलं, उद्या घसा धरला, ताप आलाच तर कणकण. फ्लू अचानक येतो. सकाळी बरी असलेली बाई संध्याकाळी थंडी वाजून पडते. ताप, डोकं ठणकणं, अंग ठेचल्यासारखं दुखणं, कोरडा खोकला, घसा दुखणं आणि इतका थकवा की उठून बसायला नको वाटतं. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत हे सुरू होतं. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवसांपर्यंत आपल्याकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते. साठीच्या पुढच्या बाईला कधी कधी ताप फारसा येतच नाही. ती नुसती गळून जाते, जेवत नाही, थोडी भ्रमल्यासारखी वागते. त्यामुळे ‘अंग तर गरम नाही’ म्हणून सोडून देऊ नका.

आपल्या भागात फ्लूचे दोन हंगाम. मोठा पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा जानेवारी ते मार्च. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, तेव्हा देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यातच झाला. नायडू रुग्णालयापुढच्या त्या रांगा तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. तो विषाणू काही निघून गेला नाही. आता तो नेहमीच्या फ्लूच्या विषाणूंपैकी एक होऊन बसला आहे. त्याच पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरियाही असतात, आणि करोनाचा तापही सुरुवातीला असाच दिसतो. म्हणून खोकला नाही, घसा दुखत नाही, नुसता ताप आणि अंगदुखी आहे, तर फ्लूच असेल असं धरून चालू नका. रक्त तपासून घ्या.

मधुमेह असलेल्या बाईचा ताप ओळखणं आणखी एका कारणानं अवघड असतं. साखर चढल्याची लक्षणं आणि फ्लूची लक्षणं एकमेकांत मिसळतात. तोंडाला कोरड, गळून जाणं, अंग दुखणं, मळमळ. यातलं फ्लूचं कुठलं आणि साखरेचं कुठलं, हे डोळ्यांनी सांगता येत नाही, मलाही येत नाही. मशीनवरच बघावं लागतं. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे घाम. ताप आलेल्या माणसाला दरदरून घाम फुटला की आपण म्हणतो, ‘चला, ताप उतरला.’ आणि पांघरूण घालून झोपू देतो. पण जी बाई इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेऊन उपाशी झोपली आहे, तिला साखर फार खाली गेल्यामुळेही असाच घाम फुटतो. हात थरथरतात, छाती धडधडते, वागणं विचित्र होतं. अशा वेळी आधी साखर बघा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची, सत्तरच्या वर आली नसेल तर पुन्हा द्यायची. मशीन हाताशी नसेल तरी साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. सरळ रुग्णालय गाठायचं.

(इथे एका मैत्रिणीनं विचारलं, ‘ताई, एकदा म्हणता उपाशी असली तरी वाढते, एकदा म्हणता उपाशी असली तर कमी होते. आम्ही धरायचं काय?’)

प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन्ही होऊ शकतं, आणि म्हणूनच अंदाजावर चालायचं नाही. एरवी तुम्ही महिन्यातून एकदा साखर बघत असाल. तापाच्या दिवसांत ती दर चार तासांनी बघायची, इन्सुलिनवर असाल तर रात्रीसुद्धा. नुसत्या गोळ्यांवर असाल तर निदान दिवसातून तीन-चारदा. हात धुऊन बघा. साखरपाणी ढवळलेल्या बोटाचा आकडा खोटा येतो. लागोपाठ दोनदा अडीचशेच्या वर आली, की डॉक्टरांना फोन. तीनशेच्या वर राहिली, तर फोनवर भागवू नका, जा.

गोळ्या-इन्सुलिनचं नीट ऐका, कारण इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ज्यांना लहानपणापासूनचा, म्हणजे टाइप १ मधुमेह आहे, त्यांनी इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. एक घास खाल्ला नाही तरी नाही. त्यांच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. बाहेरचंही बंद केलं तर शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. एका-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. जेवणाच्या वेळचा डोस किती घ्यायचा हे डॉक्टर बदलून देतील, पण दिवसभर पुरणारं जे इन्सुलिन आहे ते चालू राहिलंच पाहिजे. तापात पुष्कळदा ते वाढवावं लागतं. टाइप २ मधुमेहात जे इन्सुलिन घेतात त्यांनीही आपल्या मनानं बंद करू नये.

गोळ्यांचं थोडं वेगळं आहे. थोडंफार खाणं-पिणं पोटात ठरत असेल तर गोळ्या चालू. उलट्या-जुलाब होत असतील, पाणीसुद्धा ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या नव्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. या ग्लिफ्लोझिनच्या गोळ्यांवर असताना मशीनवर साखर फार नसतानाही अंगात कीटोन साठू शकतात, म्हणून त्यांची काळजी जास्त. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपाशी पोटी साखर फार खाली नेऊ शकतात. काही रक्तदाबाच्या गोळ्यांचाही अंग सुकलेलं असताना मूत्रपिंडाला त्रास होतो. म्हणून तुम्ही कोणती गोळी घेता तिचं नाव तुम्हाला माहीत पाहिजे. ‘सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी’ एवढ्यानं फोनवरचा डॉक्टर काही सांगू शकत नाही. ताप नसताना, बरं असताना, पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा: ‘मला ताप आला, उलट्या झाल्या, तर यातलं काय चालू ठेवू, काय थांबवू?’ कागदावर लिहून घ्या. विचारायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. बाहेर वीस माणसं ताटकळत असतात आणि डॉक्टर घाईत असतो. तरी विचारा. तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आता मावशींच्या त्या इंजेक्शनकडे येते. त्यात काय होतं ते कोणाला माहीत नाही, कारण चिठ्ठीच दिलेली नव्हती. पण ताप पटकन उतरावा, पेशंटला ‘गुण आला’ असं वाटावं म्हणून डेक्झामेथासोनसारखं स्टेरॉइड टोचण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यानं एखादा दिवस बरं वाटतं, आणि मधुमेह असलेल्या बाईची साखर झपाट्यानं चढते. दम्यासारख्या आजारात ते औषध जीव वाचवतं. साध्या फ्लूच्या तापात त्याचं काम नाही. सलाईनचंही तसंच. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी असं आपण धरून चालतो, पण पाच टक्के डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची बाटली लावली तर पंचवीस ग्रॅम साखर सरळ शिरेत जाते. तेव्हा सुई टोचायच्या आधी मोठ्यानं सांगायचं, ‘मला शुगर आहे. यात काय आहे?’ आणि काय दिलं ते लिहून मागायचं. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. अंग सुकलेलं असताना त्या मूत्रपिंडाला जड जातात, आणि ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका असतो. तापाला पॅरासिटामॉल पुरे. अँटिबायोटिकचा फ्लूवर काही उपयोग नाही, तो विषाणूचा आजार आहे. पुढे न्यूमोनिया झाला तर गोष्ट वेगळी.

फ्लूवरचं औषध आहे, आणि ते आपल्याला मिळायला हवं. ऑसेल्टामिविर त्याचं नाव. दिवसातून दोनदा, पाच दिवस. दोन दिवसांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी. सरकारी मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट केलेले आहेत. ‘अ’ म्हणजे सौम्य, त्यांना हे औषध लागत नाही. ‘क’ म्हणजे दम लागलेले, छातीत दुखणारे, ओठ-नखं निळी पडलेले, त्यांना भरती करायचं. आणि मधुमेह असलेली व्यक्ती, लक्षणं सौम्य असली तरी, ‘ब’ गटात येते. गरोदर बाईही याच गटात येते. तिला गरोदरपणातला मधुमेह असेल तर काळजी दुप्पट. ‘ब’ गटाला तपासणीच्या निकालाची वाट न बघता औषध सुरू करता येतं. म्हणून तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दवाखाना गाठा. ‘तीन दिवस बघू’ हे आपल्यासाठी नाही.

खाण्यापिण्याचं बघू. तासाला पेलाभर पाणी पोटात जायला हवं, घोट-घोट का होईना. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून. भाताची पेज, मुगाचं कढण, पातळ ताक, वरणाचं पाणी, जे जाईल ते थोडं थोडं. मिठाची गोडी वाटत असेल तर मीठ घाला. रक्तदाब असेल तर जपून. पुडीतला ओआरएस मधुमेहात चालत नाही असा एक समज आहे. अख्ख्या लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पेल्याला अर्धा-पाऊण चमचा. उलट्या-जुलाबांत तो खुशाल घ्या. खोक्यातून मिळणारी, तशीच नावं मिरवणारी गोड पेयं वेगळी, त्यांत साखर खूप जास्त. थंड पेयाच्या पेलाभरात पाच-सहा चमचे साखर असते. पण इथेही एक मेख आहे. इन्सुलिन घेतलंय, काहीच खाल्लं जात नाही आणि साखर खाली यायला लागली, तर गोड पेय हेच त्या वेळचं जेवण. तेव्हा ‘मला गोड चालत नाही’ म्हणून हट्ट करायचा नाही. काढा घ्या, आलं-गवती चहा-तुळस काही वाईट नाही. त्यात गूळ आणि मध घालू नका. मध औषधी असतो म्हणून साखर वाढवत नाही, असं काही नसतं.

आणि उपास. श्रावण, हरतालिका, गणपती हे सगळं नेमकं फ्लूच्या हंगामात येतं. मी कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. पण तापात, मधुमेह असताना, निर्जळी उपास हा जिवाशी खेळ आहे. साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर वाढते ती वेगळीच. सासूबाई, नणंदा, शेजारणी काय म्हणतील, हा खरा प्रश्न असतो. तर सांगा, डॉक्टरनं बंदी घातलीय. माझं नाव पुढे करा, मला चालेल.

काय दिसलं तर घरी थांबायचंच नाही, तेही सांगते. दम लागणं किंवा श्वास खोल आणि भराभर चालणं. चार-सहा तास उलट्या न थांबणं. पोटात सारखं दुखणं. तोंडाला पिकून चाललेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येणं, ही कीटोनची खूण. गुंगी येणं, असंबद्ध बोलणं. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर चौऱ्याण्णवच्या खाली आकडा. ताप उतरून बरं वाटल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा ताप चढणं, हे न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. यातलं काहीही दिसलं तर रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन करा.

मघाशी टाइप १ चं बोलले, त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. नववीपासून इन्सुलिनवर. लग्न जमवताना घरच्यांनी ते लपवलं. ‘हळूहळू सांगू’ म्हणाले. हळूहळू म्हणजे कधी, ते ठरलं नव्हतं. सासरी ती इन्सुलिन शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवायची, आणि भाजी आणायला जाते सांगून तिथे जाऊन टोचून घ्यायची. पावसाळ्यात घरभर फ्लू झाला. सगळ्यांचं करून तीही आडवी झाली. आता भाजीला कोण पाठवणार? तापात बाहेर जायचं कारण सांगता येईना. दीड दिवस इन्सुलिन नाही. सासरचे मायेनं कपाळावर पट्ट्या ठेवत होते, कारण त्यांच्या लेखी तो नुसता ताप होता. वहिनींना राहवलं नाही, त्या येऊन सगळं सांगून मोकळ्या झाल्या, म्हणून ती अतिदक्षता विभागात वेळेवर पोचली. आज ती इन्सुलिन उघड घेते. सासरी की माहेरी, ते मी इथे सांगत नाही. पण मुलींच्या आयांना मी हात जोडून सांगते, हा आजार लपवून लग्न लावू नका. मुलगी जगेल की नाही, हे मग शेजारणीच्या धीटपणावर ठरतं.

घरातल्या आजाऱ्यांचं करून बाई शेवटी पडते, हे काही नवीन नाही. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात फ्लूची साथ उतरली. तिनं हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसं नेली असं धरतात, काही अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत. त्या साथीत आपल्याकडे तरण्या वयात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. त्या काळच्या सरकारी अहवालांनीच कारण नोंदवून ठेवलं आहे: घरकाम चालूच होतं, आजाऱ्यांची शुश्रूषाही त्यांच्याच अंगावर होती, आणि स्वतः आजारी असतानाही ती सुटली नाही. शंभराहून अधिक वर्षं झाली. आज आपल्याकडे औषध आहे, लस आहे. पण ताप असताना ओट्यापाशी कोण उभं असतं, ते आपापल्या घरी जाऊन बघा.

म्हणून माझी एक सूचना आहे, वैद्यकीय नाही पण वैद्यकीयाइतकीच महत्त्वाची. जिला मधुमेह आहे तिनं घरात आधीच ठरवून ठेवायचं: मला ताप आला तर पाच दिवस स्वयंपाक कोण करणार, पाणी कोण भरणार, रात्री उठून माझी साखर कोण बघणार. नवरा, मुलगा यांना मशीन वापरायला शिकवा. मोबाइल चालवता येतो त्याला हे पाच मिनिटांत येतं. आणि एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवा: औषधांची नावं, डोस, डॉक्टरांचा फोन, जवळची मैत्रीण कोण. तुम्ही गुंगीत असताना तुमच्या वतीनं तो कागदच बोलणार आहे.

पैशाचं मी विसरले नाही. एक स्ट्रिप पंधरा-वीस रुपयांना पडते, दिवसाला सहा म्हणजे शंभर रुपये. रोज तीनशे कमावणाऱ्या बाईला मी हे कोणत्या तोंडानं सांगू? दोन वाटा आहेत. उपकेंद्रावर, प्राथमिक आरोग्य केंद्रावर साखर मोफत तपासून मिळते, आशाताईंना विचारा. आणि आपल्या गटानं मिळून एक मशीन आणि स्ट्रिपचा डबा ठेवावा. बचत गट चालवता येतो तर हेही येतं. मात्र सुई प्रत्येकीची नवी, आणि टोचायचं पेनसुद्धा एकीचं दुसरीनं वापरायचं नाही. त्यातून रक्तातून पसरणारी कावीळ लागते.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. फ्लू मुळीच होणार नाही अशी हमी नाही, पण न्यूमोनिया आणि रुग्णालय टळण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली चांगली. राहिली असेल तर आताही घ्या, अंगात बळ यायला दोनेक आठवडे लागतात. लसीनं फ्लू होत नाही, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. हात दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. खासगीत ती महाग आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गरोदर बायका आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना सरकारी दवाखान्यांतून ती मोफत द्यायला सुरुवात झाली. प्रत्यक्षात तुमच्या दवाखान्यात कुपी आहे का, हा निराळा प्रश्न. एकटीनं विचारलं तर ‘संपली’ म्हणतील. दहा जणींनी मिळून जा, आणि ‘नाही’ म्हणाले तर तसं लिहून मागा.

(‘ताई, लाइट चार-चार तास जातात. इन्सुलिनचं काय?’)

वापरात असलेली कुपी घरातल्या साध्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते, पण ऊन आणि पत्र्याच्या घरातली उकड तिला सोसत नाही. मातीच्या माठात, पाणी न लागेल अशा डब्यात घालून ठेवा. माठाखाली ओली वाळू ठेवा. बर्फात ठेवू नका, गोठलं तर फेकून द्यावं लागतं.

माझ्या पिशवीत आज पंचवीस स्ट्रिप आहेत. ज्यांना मधुमेह आहे आणि गेल्या महिन्यात साखर बघितलेली नाही, त्यांनी आधी पुढे या. हात तिकडच्या नळावर धुऊन या. गोळ्यांची पाकिटं आणली असतील तर तीही बाहेर काढा. प्रत्येकीचा तो कागद आपण आत्ताच लिहून टाकू.